‘फिंगर’ची बारा पाने : माहिती कोणाची, निर्णय कोणाचा?

जुन्या कचेऱ्यांच्या दर्शनी भिंतीवर एक लाकडी फलक असे; काही ठिकाणी तो अजूनही दिसतो. डाव्या बाजूला अधिकाऱ्यांची नावे आणि प्रत्येक नावापुढे सरकणारी एक पट्टी. पट्टी एका बाजूला ओढली की ‘आत’ हा शब्द दिसतो, दुसऱ्या बाजूला ओढली की ‘बाहेर’. सोय साधीच, पण तिच्यात दोन गोष्टी आपोआप सांभाळल्या जातात. ज्याचे नाव आहे तोच पट्टी सरकवतो. आणि फलक वाचायचा तर प्रत्यक्ष त्या दारात जाऊन उभे राहावे लागते, म्हणजे वाचणारा कोण आहे हे इतरांनाही दिसते.

आता समजा, हा फलक कोणत्याही गावातून, कोणत्याही वेळी, कोणालाही वाचता येऊ लागला. पट्टी आपल्या हातून न सरकता आपोआप सरकू लागली. आणि ‘आत’ एवढेच न सांगता फलक असेही सांगू लागला, की हे गृहस्थ अमुक खोलीत आहेत, त्यांचा घरचा दूरध्वनी अमुक आहे, आणि गेली सतरा मिनिटे त्यांनी कामाला हात लावलेला नाही. अशा फलकाचे आपण स्वागत करू की त्याला हरकत घेऊ?

हा फलक खरोखर अस्तित्वात होता. संगणकांच्या जाळ्यावर तो सुमारे दोन दशके सर्रास चालू होता आणि त्याचे नाव होते ‘फिंगर’. ही सेवा कशी चालवावी हे सांगणारी बारा पानांची एक नियमावली डिसेंबर 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. महाजालाचे नियम ज्या दस्तऐवजांतून घडत आले त्यांना ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, थोडक्यात आरएफसी, म्हणतात. ही त्या मालेतील 1288 क्रमांकाची पुस्तिका. तिचे लेखक डेव्हिड झिमरमन. प्रस्तुत लेख म्हणजे या छोट्याशा पुस्तिकेचे परीक्षण आहे. एवढ्या जुन्या, बहुतेक ठिकाणी आता बंद असलेल्या सेवेच्या नियमांचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे, की त्या बारा पानांत जे बरोबर सांगितले गेले ते आपण आजही पुरेसे पाळत नाही, आणि त्यांत जे राहून गेले ते आजही बऱ्याच ठिकाणी राहूनच गेलेले आहे.

यादीवरून फिरणारे बोट

सेवेला ‘बोट’ हे नाव का पडले, याची गोष्ट मोठी गमतीची आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत 1971 च्या सुमारास एकच मोठा संगणक अनेकजण आपापल्या टर्मिनलवरून वापरत. या क्षणी कोण कोण काम करीत आहे याची यादी संगणक देई. पण तिच्यात खरी नावे नसत, केवळ संक्षिप्त ओळखचिन्हे आणि टर्मिनलचे क्रमांक असत. हवा तो माणूस शोधण्यासाठी लोक यादीवरून बोट फिरवीत बसत. हे पाहून लेस अर्नेस्ट यांनी एक प्रोग्राम लिहिला. तो खरे नाव सांगे, टर्मिनल कोठे आहे ते सांगे आणि त्या व्यक्तीने शेवटची कळ दाबून किती वेळ झाला तेही सांगे. बोटाचे काम प्रोग्राम करू लागला, म्हणून त्याचे नाव फिंगर.

पुढे काहींनी अर्नेस्ट यांना सुचविले, की आपण जागेवर नसलो तर कोठे भेटू हे लिहून ठेवण्याचीही सोय असावी. म्हणून ‘प्लॅन’ नावाची एक फाइल आली. प्रत्येकाने तीत आपल्या हाताने मजकूर लिहायचा आणि तो फिंगरच्या उत्तराला जोडला जायचा. लोकांनी तिचा उपयोग रजेची सूचना देण्यापुरता ठेवला नाही. त्यात ते मते, विनोद, टीकाटिप्पणीही लिहू लागले. ‘प्लॅन’ फाइल ही आपल्या फलकावरची पट्टीच होती. फिंगरच्या उत्तरातील एवढाच भाग माणसाच्या स्वतःच्या हाती होता. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे याच मुद्द्यावर आपल्याला नियमावलीशी भांडायचे आहे.

1971 मधला हा प्रोग्राम एका इमारतीतल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांसाठी होता. त्याच काळात आर्पानेट हे संगणकांचे जाळे वाढत होते. डिसेंबर 1977 मध्ये केन हॅरेनस्टीन यांनी लिहिलेल्या 742 क्रमांकाच्या आरएफसीने या सेवेला जाळ्यावरचे रूप दिले. फलक इमारतीबाहेर गेला तो येथे.

प्रश्न एका ओळीचा

सेवेची रचना इतकी सोपी आहे, की ती वर्गात फळ्यावर पाच मिनिटांत समजावून देता येते. जाळ्यावरच्या संगणकाला क्रमांक दिलेली अनेक दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. फिंगरचे दार 79 क्रमांकाचे. त्या दाराशी एक प्रोग्राम सतत वाट पाहत असतो. अशा प्रोग्रामला संगणकवाले ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द एमआयटीच्या संगणकतज्ज्ञांनी मॅक्सवेलच्या प्रसिद्ध काल्पनिक राक्षसावरून घेतला. वायूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेशी बसून कोणता रेणू जाऊ द्यायचा आणि कोणता अडवायचा हे ठरविणारा तो राक्षस पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांच्या परिचयाचा आहेच.

दूरचा संगणक 79 क्रमांकाच्या दाराशी जोडणी करतो आणि एक ओळ पाठवतो. ओळ कोरी असेल तर ‘आत्ता कोण कोण काम करीत आहे?’ असा तिचा अर्थ. ओळीत नाव असेल तर ‘या व्यक्तीची माहिती द्या’ असा अर्थ. डीमन उत्तर पाठवतो, जोडणी तोडतो, संपले. विचारणारा कोण आहे हे त्याला सांगावे लागत नाही. परवलीचा शब्द नाही, नाव नाही, कारण नाही.

उत्तरात काय येई? युनिक्स प्रणालीत प्रत्येक वापरकर्त्याच्या नोंदीत एक रकाना असतो. पूर्ण नाव, कार्यालयाची खोली, कार्यालयाचा दूरध्वनी आणि घरचा दूरध्वनी असे त्याचे भाग पाडण्याची प्रथा होती. फिंगर तो रकाना वाचून दाखवी. शिवाय शेवटचा प्रवेश केव्हा केला, आलेले टपाल केव्हा वाचले, किती मिनिटे कळफलक शांत आहे, आणि शेवटी ‘प्लॅन’. मॅक्सवेलचा राक्षस निदान निवड तरी करी. हा मात्र दाराशी बसून येईल त्याला सगळेच देई.

2 नोव्हेंबर 1988

या दाराने जगाला पहिला मोठा धडा दिला तो मात्र माहितीच्या उघडेपणामुळे नव्हे, प्रोग्राममधल्या एका चुकीमुळे. 2 नोव्हेंबर 1988 च्या संध्याकाळी रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने एमआयटीमधील एका संगणकावरून जाळ्यात एक स्वतःच पसरणारा प्रोग्राम सोडला. त्याला ‘मॉरिस वर्म’ म्हणतात. दुसऱ्या संगणकात शिरण्याचे त्याचे जे मार्ग होते, त्यांतला एक फिंगरच्या दारातून जात होता.

चूक समजून घेण्यासारखी आहे. येणारी ओळ ठेवण्यासाठी फिंगरच्या डीमनने 512 अक्षरांची जागा राखून ठेवली होती. ती ओळ वाचण्यासाठी सी भाषेतील ‘गेट्स’ हे फलन वापरले होते. हे फलन ओळ संपेपर्यंत वाचत राहते. जागा किती आहे हे ते विचारतच नाही. आता अशी कल्पना करा, की शिक्षक गणित शिकवता शिकवता मध्येच हजेरी घ्यायला थांबले आणि ‘परत आल्यावर अमुक पानापासून सुरू करायचे’ अशी चिठ्ठी त्यांनी हजेरीच्या तक्त्याला लागूनच ठेवली. एखाद्या मुलाने आपले नाव चौकटींच्या बाहेर लिहीत नेले, तर त्याची अक्षरे त्या चिठ्ठीवर जातील. आणि त्याने ती अक्षरे विचारपूर्वक निवडली, तर शिक्षक परत येतील ते त्या मुलाने लिहिलेल्या पानावर! संगणकाच्या स्मृतीतही राखीव जागेच्या पुढेच परतीचा पत्ता होता. वर्मने 512 ऐवजी 536 अक्षरे पाठविली. व्हॅक्स जातीचे संगणक परतीच्या खोट्या पत्त्यावर गेले आणि तिथे ठेवलेल्या परक्या आज्ञा पाळू लागले.

या वर्मने सुमारे 6000 संगणकांना ग्रासले असे सर्वत्र छापले जाते. विद्यार्थ्यांना सांगताना हेही सांगावे, की तो आकडा मोजलेला नाही. जाळ्यावर सुमारे 60,000 संगणक असावेत आणि त्यांतले दहा टक्के सापडले असावेत, अशा अंदाजांचा तो गुणाकार आहे. मॉरिस यांना 1990 मध्ये तीन वर्षांची देखरेख, 400 तासांची समाजसेवा आणि 10,050 डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अशा संकटांच्या वेळी समन्वय साधण्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे केंद्र उभे राहिले. फिंगरमधली चूक दुरुस्त करायला मात्र फार काही लागले नाही. ‘गेट्स’च्या जागी, ‘इतकीच अक्षरे वाच’ असे सांगता येणारे ‘एफगेट्स’ हे फलन घातले की काम झाले. ‘गेट्स’ला सी भाषेच्या प्रमाणातून काढून टाकायला मात्र 2011 साल उजाडले. आपल्याकडे टर्बो सी वर शिकलेल्या पिढ्यांनी हे फलन निर्धास्तपणे वापरले आहे; जुनी पुस्तके चाळणाऱ्या शिक्षकांना ते आजही भेटेल.

पुस्तिकेचे गुण

या पार्श्वभूमीवर 1991 ची नियमावली वाचली की तिचे मोल कळते. पहिला गुण भाषेचा. कोणती गोष्ट ‘केलीच पाहिजे’, कोणती ‘करावी’ आणि कोणती ‘करता येईल’ यांतला भेद ती नेटाने पाळते. तांत्रिक लेखनात हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे प्रयोगाच्या कृती लिहिणाऱ्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

दुसरा गुण विनोदाचा. कार्नेगी मेलनमधील विद्यार्थ्यांनी शीतपेयाच्या यंत्राला संगणकाशी जोडून, बाटल्या आहेत का आणि थंड झाल्या आहेत का, हे जागेवरूनच विचारण्याची सोय केली होती. नियमावलीत अशा विक्रीयंत्रांसाठी एक स्वतंत्र परिच्छेद आहे. यंत्राने शिल्लक मालाची यादी द्यावी असे त्यात म्हटले आहे, आणि यंत्राने पैसे गिळू नयेत, हे तर अगदी निक्षून बजावले आहे. वस्तू जाळ्याला जोडण्याची जी भाषा अलीकडे नवी म्हणून बोलली जाते, तिची ही जुनी आणि हसरी पूर्वज.

तिसरा आणि खरा गुण म्हणजे सुरक्षिततेवरचा भाग. बारा पानांच्या पुस्तिकेत तो चांगलाच मोठा आहे. मॉरिस प्रकरणाचा उल्लेख त्यात आडपडदा न ठेवता केला आहे आणि वेड्यावाकड्या प्रश्नांपुढेही प्रोग्राम टिकला पाहिजे असा आग्रह धरला आहे. एका संगणकाला मध्यस्थ करून दुसऱ्याची चौकशी करण्याची मागणी नाकारण्याची सोय असावी असे सांगितले आहे. लेखक तेवढ्यावर थांबत नाही. फिंगर ही मुळात लोकांची माहिती उघड करणारी सेवा आहे, तेव्हा ती चालवायची की नाही आणि चालवली तर काय काय सांगायचे, याचा निर्णय स्पष्टपणे, जाणीवपूर्वक घेतला पाहिजे, असे तो बजावतो. एक उदाहरणही देतो : कोणी टपाल केव्हा वाचले, न वाचलेले टपाल पडून आहे काय आणि त्यातले शेवटचे कोणाकडून आले आहे, एवढे सगळे एक फिंगर सांगत असे. त्यावरून कोणाचा कोणाशी पत्रव्यवहार चालू आहे याचा माग काढता येतो, हे लेखकाने नेमके हेरले आहे. पत्रातला मजकूर न फोडता केवळ पाकिटावरच्या नोंदींवरून माणसाचे आयुष्य वाचता येते, ही गोष्ट 1991 मध्ये इतक्या स्वच्छपणे सांगणे साधे नव्हते.

पुस्तिकेची उणीव

मग उणीव कोठे आहे? निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा हे खरे, पण कोणी? नियमावलीत ठिकठिकाणी एकच उत्तर येते : प्रणालीच्या व्यवस्थापकाने. कार्यालयाची जागा सांगायची का, घरचा दूरध्वनी सांगायचा का, किती मिनिटे निष्क्रिय आहे हे सांगायचे का, हे सारे निवडण्याची मुभा व्यवस्थापकाला असावी. चौकश्यांची नोंद ठेवण्याची सोयही व्यवस्थापकासाठी. ज्याच्याविषयी विचारले गेले त्याला ‘तुझ्याविषयी कोणीतरी विचारून गेले’ हे कळावे, अशी तरतूद नाही. ‘माझी माहिती देऊ नका’ असे त्याला म्हणता यावे, अशीही तरतूद नाही. ज्याचा घरचा दूरध्वनी आहे तो माणूस या बारा पानांत माहितीचा विषय म्हणून येतो, माहितीचा धनी म्हणून येत नाही.

सर्वांत बोलका आहे तो ‘प्लॅन’ फाइलविषयीचा परिच्छेद. वापरकर्त्याला स्वतः बदलता येणाऱ्या फाइलमधला मजकूर बाहेर जाऊ देणे म्हणजे प्रणालीविषयीची कोणतीही माहिती मुक्तपणे वाटू देण्यासारखेच आहे, आणि जे काय बाहेर जाते त्यावर ताबा ठेवू पाहणाऱ्या व्यवस्थापकांची त्याने झोप उडायला हवी, असा त्याचा आशय आहे. तांत्रिकदृष्ट्या ही चिंता रास्त आहे. एखादा खोडकर वापरकर्ता त्या फाइलऐवजी भलतीच फाइल जोडून देऊ शकतो. तथापि या परिच्छेदाने घेतलेली बाजू पाहा. माणूस स्वतःविषयी स्वतःच्या शब्दांत जे सांगेल तो धोका. आणि त्याच्याविषयी त्याला न विचारता यंत्र जे सांगेल ती व्यवस्थापकाची निवड! आपल्या लाकडी फलकाच्या भाषेत सांगायचे तर, अधिकाऱ्याच्या हातातली पट्टी काढून ती फलकाच्या सुताराकडे दिली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की आजच्या कल्पनांच्या मापाने 1991 च्या लेखकाला मोजणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप मी अर्धा मानतो. त्या काळचे जाळे प्रामुख्याने विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे होते, संगणक संस्थेच्या मालकीचे होते, आणि व्यवस्थापक म्हणजे शेजारच्याच खोलीतला ओळखीचा माणूस असे. परंतु वापरकर्त्याला नकाराचा हक्क देणे त्या काळच्या तंत्राला अवघड होते, असे मात्र नाही. पुढे फ्रीबीएसडीसारख्या प्रणालींत ‘नोफिंगर’ नावाची युक्ती आली. वापरकर्त्याने आपल्या घरच्या फाइलसंचात या नावाची एक रिकामी फाइल करून ठेवायची. मग बाहेरून चौकशी आली की असा कोणी माणूसच येथे नाही, असे फिंगर वागते. एक रिकामी फाइल! तंत्र हाताशी होते. प्रश्न तेवढा कोणी विचारला नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संदेशवहनाच्या नियमावलीचे काम तारेवरून काय जाते हे ठरविण्याचे. माणसांमधले हक्क ठरविणे हे तिचे कामच नव्हे, असे कोणी म्हणेल. पण ही नियमावली स्वतःच ती मर्यादा पाळत नाही. व्यवस्थापकाला कोणती मुभा असावी हे ती तपशिलाने सांगते, म्हणजे माणसांमधले अधिकारवाटप ती करतेच. एका पक्षाचे अधिकार लिहिले आणि दुसऱ्याच्या अधिकारांबद्दल मौन पाळले, तर ते मौन तटस्थ राहत नाही. वर्गाच्या नियमांत मॉनिटरचे अधिकार लिहिले आणि मुलांविषयी काहीच लिहिले नाही, तर वर्ग कसा चालेल हे आपल्याला ठाऊक आहे.

गाळणीत अडकलेली लिपी

आणखी एक बारीक मुद्दा आपल्या जिव्हाळ्याचा आहे. दूरच्या उत्तरातून खोडसाळ नियंत्रणचिन्हे येऊन पडदा बिघडू नये, म्हणून विचारणाऱ्याच्या प्रोग्रामने उत्तर गाळून घ्यावे, असे नियमावली सांगते. मुळात फक्त 32 ते 126 या क्रमांकांची अक्षरे आणि ओळी-जागा पाडणारी मोजकी चिन्हे ठेवावी. त्यापलीकडचे पाहायचे असेल तर वापरणाऱ्याने तशी निवड करावी, असा तिचा सल्ला आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो शहाणपणाचाच आहे. पण 1991 याच वर्षी भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे प्रमाण, आयएस 13194, प्रसिद्ध केले. आणि त्यात देवनागरी अक्षरे बसविली होती ती 127 च्या वरच्या भागात. म्हणजे कोणी आपले नाव देवनागरीत लिहून ठेवले असते, तर त्या गाळणीत ते सबंध नाव अडकले असते. येथे निदान ‘गाळणी काढा’ म्हणण्याचा अधिकार वापरणाऱ्याला दिलेला आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. निवड माणसाच्या हाती ठेवणे लेखकाला सुचत नव्हते असे नाही. वाचणाऱ्यासाठी ते सुचले, ज्याच्याविषयी वाचले जाते त्याच्यासाठी सुचले नाही.

दार बंद झाले, फलक राहिला

वर्मनंतर आणि त्याहीपेक्षा महाजाल सर्वांना खुले झाल्यानंतर बहुतेक संस्थांनी 79 क्रमांकाचे दार बंद केले. युनिक्सच्या व्यवस्थापकाला त्यासाठी अनेकदा एका ओळीच्या आरंभी एक चिन्ह टाकणे पुरत असे. पण ‘आत आहे की बाहेर, शेवटचा केव्हा दिसला’ हे जाणून घेण्याची माणसाची हौस त्या ओळीबरोबर बंद झाली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शेवटचे पाहिले’ म्हणून जी वेळ दिसते ती फिंगरच्या उत्तरातल्या त्या निष्क्रिय मिनिटांची नातच आहे. तेथे ही वेळ कोणाला दाखवायची हे वापरणाऱ्याला ठरविता येते आणि जो आपली वेळ लपवितो त्याला इतरांचीही दिसत नाही. या परस्परतेत फिंगरहून अधिक न्याय आहे. तथापि सेवा चालविणाऱ्या कंपनीपासून ती वेळ लपत नाही. पट्टी आपल्या हाती आली आहे, ती शेजाऱ्यांपुरती.

आता शाळेकडे वळू. संगणक चालविणारे आपण नव्हे, असे शिक्षकांना वाटते. प्रत्यक्षात वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचा चालक, मुलांच्या नावांची, जन्मतारखांची आणि पालकांच्या दूरध्वनींची यादी करून ती सर्वांना पाठविणारा वर्गशिक्षक, निकालाचा तक्ता गटावर टाकणारा परीक्षाप्रमुख, हे सगळे त्या बारा पानांतले ‘व्यवस्थापक’च आहेत. दूरच्या कोणालाही इतरांची माहिती मिळेल अशी सेवा ते चालवीत असतात. आणि त्यांच्या हातून होणारी चूक बहुधा 512 अक्षरांची नसते. ती नियमावलीतल्या मौनाची असते. ज्याची माहिती आहे त्याला विचारायचे राहून जाते. यात वाईट हेतू क्वचितच असतो. सोय असते, घाई असते, आणि ‘आपलीच तर मुले आहेत’ ही भावना असते. स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतही आपलीच तर माणसे होती. पण एका इमारतीसाठी केलेली यादी इमारतीबाहेर जायला वेळ लागत नाही, आणि बाहेर गेल्यावर तिचा अर्थ बदलतो. 2023 च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असे तत्त्व घालून दिले आहे. कायदा आला म्हणून नव्हे, तर त्यामागचा प्रश्न आपलाच आहे म्हणून तो वर्गात बोलला गेला पाहिजे.

त्यासाठी आठवी ते बारावीच्या कोणत्याही वर्गात एक तास पुरेल. फळ्यावर चार रकाने आखावे : कोणती माहिती, कोण पाहू शकतो, कोण ठरवितो, आणि पाहिल्याचे कोणाला कळते. पहिल्या ओळीत लाकडी फलक घ्यावा, दुसऱ्या ओळीत 1991 च्या नियमावलीतला फिंगर, तिसऱ्या ओळीत व्हॉट्सअ‍ॅपची ‘शेवटचे पाहिले’ वेळ. चौथी ओळ विद्यार्थ्यांनी स्वतःच्या शाळेतून निवडावी : हजेरीचे अ‍ॅप, वर्गाचा गट, प्रवेशद्वारावरचा कॅमेरा, जे असेल ते. तिसरा रकाना भरताना मुले थांबतील, आपसात वाद घालतील, आणि बहुधा शिक्षकांकडे पाहतील. त्या वेळी खरे काय ते सांगावे. आजवर विचारले नव्हते असे असेल, तर तसे सांगावे.

झिमरमन यांच्या पुस्तिकेने सेवा चालविणाऱ्याला ‘निर्णय जाणीवपूर्वक घ्या’ असे सांगितले, हे तिचे मोठेपण आहे. तिच्यात एक वाक्य कमी पडले : ज्याच्याविषयीचा निर्णय आहे त्यालाही विचारा. ते वाक्य लिहायला तेराव्या पानाची गरज नव्हती.